नाजूक प्रकृतीचा पशुवैद्य आणि हवेचे चाक

घरची सात-आसनी गाडी पाच-सहा वर्षांची झाली की टायर बदलण्याची वेळ येते. दुकानात बोलणे किमतीवरून सुरू होते आणि थोड्याच वेळात रिमवर येते. पंधरा इंची रिम काढून सतरा इंची अलॉय व्हील बसवा, गाडी उठून दिसेल, असा आग्रह होतो. मधल्या सीटवर बसणारी आजी, शेवटच्या रांगेत कोंबलेली मुले यांचा विषय त्या बोलण्यात क्वचितच निघतो. टायरच्या दुकानांवर अनेक वर्षे ज्यांचे आडनाव झळकले, त्या जॉन बॉइड डनलॉप यांनी मात्र हा प्रश्न बसणाऱ्याच्या बाजूने हाती घेतला होता. ते इंजिनिअर नव्हते, कारखानदारही नव्हते. ते जनावरांचे डॉक्टर होते.

स्कॉटलंडमधल्या एअरशायर परगण्यातल्या ड्रेगहॉर्न या गावी ५ फेब्रुवारी १८४० रोजी त्यांचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे. तू दोन महिने आधी जन्मलास, असे आईवडिलांनी त्यांना लहानपणीच सांगितले होते. त्या काळी इन्क्युबेटर नव्हते, सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगणे ही दुर्मीळ गोष्ट होती. त्यामुळे महिन्यांच्या हिशेबात काही चूक झाली असेल, अशी शंका आजच्या बालरोगतज्ज्ञाला सहज येईल. पण मनात बसलेली गोष्ट निघत नाही. आपली प्रकृती नाजूक आहे, या समजुतीने डनलॉप आयुष्यभर जपून वागले. वयाच्या ८१ व्या वर्षापर्यंत त्यांना मोठा असा आजार झालाच नाही. तब्येतीची काळजी करणारी माणसे पुष्कळदा धडधाकट निघतात, हे दवाखान्यात रोज दिसते. डनलॉप यांच्या बाबतीत या काळजीचा एक फायदा झाला. शरीराला बसणारे बारीक हादरे, ज्यांच्याकडे इतर दुर्लक्ष करत, ते त्यांना जाणवत होते.

एडिंबरोमधल्या डिक पशुवैद्यक महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. काही वर्षे स्कॉटलंडमध्ये काढून १८६७ साली ते आयर्लंडला गेले. भाऊ जेम्सबरोबर त्यांनी डाउनपॅट्रिक येथे दवाखाना चालवला आणि पुढे बेलफास्टच्या मे स्ट्रीटवर आपला स्वतंत्र व्याप उभा केला. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. एक मुलगी, एक मुलगा असा संसार होता. बंदराचे, गिरण्यांचे शहर. मालाची सगळी वाहतूक घोड्यांवर. घोडा लंगडला की धंदा बसला. त्यामुळे पशुवैद्याला मान होता आणि कामाला तोटा नव्हता. आयर्लंडमधल्या मोठ्या पशुवैद्यकीय व्यवसायांत त्यांचा दवाखाना गणला जाई. उपचारासाठी लागणारी रबराची साधने ते स्वतःच्या हाताने बनवत. रबराचा पातळ पत्रा कसा कापायचा, कसा चिकटवायचा, कापडाबरोबर तो कसा वागतो, हे त्यांना अशा कामातूनच कळत गेले.

बेलफास्टचे रस्ते दगडी ठोकळ्यांचे होते. चाकांना लोखंडी धाव असे, फार तर भरीव रबराचा पट्टा. त्या चाकांवरून जाताना प्रत्येक दगडाचा धक्का जसाच्या तसा वर येई. इंग्रजीत जुन्या सायकलींना हाडे खिळखिळी करणारी असे नावच पडले होते. यात गंमत कमी आणि शरीरशास्त्र जास्त आहे. बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला साधारण चार ते सहा कंपनांना सर्वांत जास्त साथ देते. म्हणजे गाडी त्या लयीत हलली की पाठीचा कणा आणि पोटातले अवयव गाडीपेक्षाही अधिक हलतात. कण्यातल्या चकत्यांवर दाब येतो, तोल सावरण्यासाठी पाठीचे स्नायू सतत आखडलेले राहतात. बस आणि ट्रक चालवणाऱ्यांमध्ये कंबरदुखी जास्त आढळते, त्यामागे तासन्‌तास बसून राहण्याबरोबर या कंपनांचाही वाटा आहे.

१८८७ साली डनलॉप यांचा मुलगा जॉनी नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे तीनचाकी सायकल होती. घरच्या डॉक्टरांनी मुलाच्या प्रकृतीसाठी सायकलचा व्यायाम सुचवला होता, असे सांगितले जाते. भरीव रबराच्या चाकांवरून दगडी रस्त्यावर जाताना मुलाला हादरे बसत, आणि सोबतच्या मुलांच्या मागे पडायला होई ते वेगळेच. नाजूक प्रकृतीची धास्ती घेतलेल्या बापाला ते पाहवले नसावे. त्यांनी सायकल बंद केली नाही. चाकाचा विचार सुरू केला.

हा विचार सरळ होता. धक्का दगडाकडून येतो. रबर कितीही मऊ केले तरी भरीव रबर दबायला मर्यादा आहे, आणि दबताना ते बरीच शक्ती उष्णतेत घालवते. हवा मात्र सहज दबते आणि दबलेली हवा जवळजवळ सगळी शक्ती परत करते. तेव्हा चाक आणि दगड यांच्यामध्ये हवा ठेवायची, आणि रबर-कापड एवढ्यासाठीच वापरायचे की हवा पळून जाऊ नये.

त्यांनी सुमारे ९६ सेंटीमीटर व्यासाची लाकडी तबकडी घेतली. पातळ रबराच्या पत्र्याची नळी चिकटवून केली, ती तबकडीच्या कडेवर बसवली, वरून कापडाची पट्टी गुंडाळून खिळ्यांनी ठोकली आणि फुटबॉलमध्ये हवा भरायच्या पंपाने नळी फुगवली. मग आपल्या आवारातल्या फरशीवर दोन चाके एकामागून एक सोडून दिली. सायकलचे भरीव रबराचे चाक थोडे अंतर जाऊन कलंडले. हवेचे चाक आवार ओलांडून गेले आणि समोरच्या फाटकावर आपटून परत उसळले. फेब्रुवारी १८८८ च्या अखेरीस जॉनीच्या सायकलच्या मागच्या दोन चाकांवर हे नवे टायर चढले. पहिली फेरी मारायला सकाळ होण्याची वाट काही त्या मुलाने पाहिली नाही.

आजच्या टायरच्या दुकानात उभे राहिलेल्या माणसाला त्या फरशीवरच्या प्रयोगाचा थेट उपयोग आहे. गाडीचे वजन रबर पेलत नाही, हवा पेलते. म्हणून रिम आणि रस्ता यांच्यामध्ये हवेची उंची किती, हे महत्त्वाचे. अनेक सात-आसनी गाड्यांच्या टायरवर १८५/६५ आर १५ असा आकडा असतो. टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १२० मिलिमीटर, आणि रिम १५ इंची. त्याऐवजी सतरा इंची रिमवर २०५/४५ मापाचा टायर चढवला तर चाकाची बाहेरची उंची जवळपास तीच राहते, पण बाजूची भिंत ९२ मिलिमीटरवर येते. सुमारे पावणेतीन सेंटीमीटर हवा गेली. तिच्या जागी धातू आला. खड्ड्यात चाक आदळले की तो धातू वाकतो किंवा तडकतो, टायरच्या भिंतीला आतून इजा होऊन फुगा येतो, आणि उरलेला धक्का आजीच्या कंबरेला मिळतो. गाडी वळणावर थोडी घट्ट वाटते, हे खरे आहे. शर्यतीत त्याला किंमत असेल. सात माणसे घेऊन देवदर्शनाला किंवा लग्नाला जाणाऱ्या गाडीत मूळ मापाची रिमच बरी. मोठी रिम हौसेने घेऊन नंतर पाठदुखीसाठी उशा घेणारी कुटुंबे कमी नाहीत.

डनलॉप यांनी २३ जुलै १८८८ रोजी पेटंटसाठी अर्ज केला आणि डिसेंबरात ते मिळाले. बेलफास्टच्या एडलिन यांच्या दुकानात हवेच्या टायरच्या सायकली बनू लागल्या. विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने त्यांतली एक घेतली. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर तो शर्यतीला उतरला, तेव्हा त्या जाडजूड टायरला लोक हसले. ह्यूमने भाग घेतलेल्या सगळ्या शर्यती जिंकल्या आणि हसणे थांबले. त्या दिवशी हरलेल्यांमध्ये डब्लिनच्या हार्वे द्यू क्रो यांचे मुलगेही होते. द्यू क्रो मुरलेले व्यावसायिक होते. वर्षअखेरीस डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली, तिची सूत्रे त्यांच्या हाती आली आणि डनलॉप यांनी पेटंट कंपनीला देऊन एक लहान हिस्सा घेतला.

मुलाच्या आरामासाठी केलेली वस्तू वेगासाठी प्रसिद्ध झाली. वेग हा खरे तर त्या आरामाचाच दुसरा परिणाम होता. हादऱ्यात वाया जाणारी शक्ती वाचली, ती पुढे जायला मिळाली. पण जाहिरातींना वेग आवडतो, आणि टायरच्या जाहिराती आजही तीच भाषा बोलतात.

मग पहिला धक्का बसला. पेटंट कार्यालयाने कळवले की अशीच कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच नोंदवली होती. थॉमसन यांनी घोडागाड्यांना हवेची चाके लावून ती लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये चालवूनही दाखवली होती. रबर लावलेल्या कापडाच्या नळ्या आणि वरून चामड्याचे आवरण, अशी ती रचना. वस्तू उत्तम होती. फक्त ती घेणारा ग्राहक अजून जन्माला यायचा होता, कारण सायकलीचे युग सुरू व्हायला वेळ होता. थॉमसन १८७३ मध्ये वारले. डनलॉप यांना त्यांच्या कामाची माहिती नव्हती. वैद्यकातही असे घडते. एखादा शोध दोनदा लागतो, आणि नाव दुसऱ्याचे होते. कायद्याने मात्र नाव पहिल्याचे लागते. डनलॉप यांचे पेटंट निरर्थक ठरले.

कंपनी बुडाली नाही, याचे कारण टायर नव्हे, रिम. डनलॉप यांचा टायर चाकावर चिकटवलेला आणि बांधलेला असे. पंक्चर झाले की सगळे सोडवायचे, दुरुस्त करून पुन्हा चिकटवायचे, काम तासांचे. १८९० मध्ये चार्ल्स वेल्च यांनी टायरच्या कडेत न ताणणारी तार घालून खोलगट मध्यभागाच्या रिमवर तो बसवण्याची पद्धत काढली, आणि त्याच सुमारास विल्यम बार्टलेट यांनी कड रिमच्या वळलेल्या ओठात अडकवण्याची. कंपनीने दोन्हींचे हक्क घेतले. वेल्च यांची तार आजही प्रत्येक मोटारीच्या टायरच्या कडेत आहे. टायर आणि रिम हे जोडीने काम करतात. एकाचे माप बदलले तर दुसऱ्याचे बदललेच पाहिजे, हे तेव्हापासूनचे सत्य. वाकलेल्या रिमवर महागडा टायर बसवला तरी हवा हळूहळू गळतच राहते. नवे टायर घालताना रिम फिरवून पाहणे, तिचे काठ बोटाने चाचपणे आणि हवेचा व्हॉल्व्ह नवा बसवून घेणे, ही दहा मिनिटांची कामे असतात, आणि घाईत नेमकी तीच राहून जातात.

व्हॉल्व्हचाही एक किस्सा याच काळातला. १८९१ मध्ये वूड्स यांनी केलेल्या व्हॉल्व्हमध्ये पितळी खुंटीवर बारीक रबरी नळी चढवलेली असते. हवा आत जाते, बाहेर येत नाही. आपल्याकडच्या साध्या सायकलीला तोच व्हॉल्व्ह असतो, आणि सायकलवाला ती ‘व्हॉल्व्ह ट्यूब’ काही पैशांत विकत आला आहे. जगात अनेक ठिकाणी त्याला डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात, वूड्स यांचे नाव मागे राहिले. थॉमसन यांच्या वाट्याला आले तेच.

टायर सायकलीवरून मोटारीवर गेला तेव्हा हवेच्या दाबाचा प्रश्न आरामापुरता राहिला नाही. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, जास्त तापते, आणि आतले दोरे सुटत जातात. भर उन्हाळ्यात, सिमेंटच्या महामार्गावर, सात माणसे आणि टपावर सामान घेऊन तास-दोन तास वेगाने जाणाऱ्या गाडीत हीच उष्णता टायर फोडते. रक्तदाब जसा रुग्ण शांत बसल्यावर मोजायचा, तसा टायरचा दाब गाडी थंड असताना मोजायचा. किती हवा हवी, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत लिहिलेले असते. गाडी भरलेली असताना मागच्या चाकांसाठी वेगळा, जास्त आकडा असतो. टायरच्या भिंतीवर लिहिलेला सर्वांत मोठा आकडा हा टायरची मर्यादा आहे, गाडीचा डोस नव्हे. नायट्रोजनचा आग्रह झाला तरी साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. नियमित मोजलेली साधी हवा पुरते. स्टेपनीही मोजावी, तिची आठवण रात्री रस्त्यात येते.

वजनाचाही आकडा टायरवर असतो. १८५/६५ आर १५ नंतर ८८ एच असे लिहिलेले असेल, तर ८८ म्हणजे एका टायरने ५६० किलो पेलावे आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा. ८२ असेल तर ४७५ किलो. सात-आसनी गाडी भरली की वजनाचा मोठा भाग मागच्या चाकांवर येतो, म्हणून स्वस्त पडतो या कारणाने मूळच्यापेक्षा कमी आकड्याचा टायर घेऊ नये. जन्मतारीखही असते: चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबर ऑक्सिजन, ओझोन आणि उन्हाने म्हातारे होते, मग गाडी चालो वा न चालो. कमी फिरणाऱ्या घरच्या गाडीत हीच फसगत होते. नक्षी खोल दिसते, पण भिंतीवर बारीक चिरा पडलेल्या असतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर दाखवून घ्यावेत, आणि दहा वर्षांचा टायर कितीही चांगला दिसला तरी काढावा. नक्षीच्या खाचांत १.६ मिलिमीटर उंचीचे आडवे पट्टे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पावसाळ्याच्या तोंडावर तितकीही वाट पाहू नये. आणि पैशाअभावी दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे घालावेत. ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी घसरली तर गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणे सामान्य चालकाच्या हातात राहत नाही.

डनलॉप यांना स्वतःला मोटारीच्या टायरच्या जमान्यातून फारसे काही मिळाले नाही. डब्लिनमध्ये कारखान्याच्या रबर-नॅप्थाच्या वासाबद्दल तक्रारी झाल्या आणि उत्पादन इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला गेले. द्यू क्रो यांच्याशी त्यांचे जमेना. १८९५ च्या सुमारास ते संचालकपदावरून बाजूला झाले आणि त्यांनी शेअर विकून टाकले. लगेच, १८९६ मध्ये, टेरा हूली नावाच्या सट्टेबाज भांडवलदाराने कंपनी तीस लाख पौंडांना विकत घेतली आणि पन्नास लाख पौंडांची नवी कंपनी करून बाजारात आणली. त्या पैशात डनलॉप यांचा वाटा नव्हता. नाव मात्र कंपनीवर राहिले. ते नाव पुढे जगभर गेले, भारतात हुगळीकाठच्या साहागंजच्या कारखान्यावर लागले, आणि त्या नावामागे एक पशुवैद्य होता हे लोक विसरून गेले.

डनलॉप यांनी उरलेली वर्षे डब्लिनमध्ये काढली. कापडाच्या एका मोठ्या दुकानाच्या कारभारात ते होते. तब्येतीची काळजी चालूच होती. हवेच्या टायरचा इतिहास आपल्या बाजूने लिहून ठेवावा, असे त्यांना वाटले आणि ते लिहीत राहिले. ऑक्टोबर १९२१ मध्ये त्यांना थंडी बाधली. साधे वाटणारे ते दुखणे वाढले आणि २३ ऑक्टोबरला डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागातल्या घरी त्यांचा अंत झाला. डीन्सग्रेंजच्या दफनभूमीत त्यांना पुरले. पुस्तक पुढे मुलीने प्रसिद्ध केले. उत्तर आयर्लंडच्या एका बँकेने आपल्या दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे दाढीवाले चित्र छापले. त्यांच्या हाताने केलेला सायकलचा पहिला टायर एडिंबरोच्या संग्रहालयात आहे, जिथे ते जनावरांचे डॉक्टर होण्यासाठी शिकले त्याच शहरात.